आधी पेन ड्राइव्ह काढा

सर्व्हर सुरू होत नाही असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "त्याला काय काय जोडलंय ते मला एकेक करून सांगा." पलीकडचा माणूस चिडायचा. त्याला वाटायचं, इथे माझं काम ठप्प झालंय आणि ही बाई वायरी मोजायला सांगते. पण बावीस वर्षं मी याच एका प्रश्नावर पोट भरलं असं म्हटलं तरी चालेल.

अमेरिकेत नेपरव्हिलला आमची सात माणसांची कंपनी होती. मोठ्या कंपन्या आमच्या वाट्याला कधी आल्या नाहीत. दातांचे डॉक्टर, वकील, जनावरांचे दवाखाने, एक चर्च, शाळेच्या बस चालवणारी एक कंपनी, असली आमची गिऱ्हाइकं. त्यांचे सर्व्हर आम्ही बसवायचो आणि सांभाळायचो. सर्व्हर म्हणजे फार अगडबंब काही डोळ्यांसमोर आणू नका. ऑफिसची सगळी माहिती ज्यात असते असा एक जाडजूड कॉम्प्युटर, आणि त्याची जागा बहुतेक ठिकाणी केरसुण्या आणि फिनेलच्या कपाटात. आमचा मालक रॉन. मी मूळची नागपूरची वैजयंती. रॉनला एवढं लांब नाव झेपेना म्हणून तो मला 'व्हीजे' म्हणायचा, आणि आपल्याकडची पोरं म्हणायची काकू.

आता धंद्याची गोष्ट. कॉम्प्युटर सुरू केला की पहिल्या क्षणी त्याला काहीही माहीत नसतं. आपली ऑपरेटिंग सिस्टीम कुठे ठेवलीय हे त्याला रोज नव्याने शोधावं लागतं. कुठल्या क्रमाने शोधायचं याची एक यादी मात्र त्याच्या पोटात असते: आधी पेन ड्राइव्ह बघ, नाहीतर डिस्क बघ, नाहीतर नेटवर्कवर कुणी काही देतंय का बघ. या यादीला बूट ऑर्डर म्हणतात. आमचे हे सकाळी चष्मा आधी उशीखाली, मग टेबलावर, मग बाथरूममध्ये शोधतात, तसंच. नवी सिस्टीम टाकताना आम्ही पेन ड्राइव्हला पहिला नंबर देतो, कारण सिस्टीम त्याच्यावरूनच टाकायची असते. काम झालं की माणूस खूश होतो, पेन ड्राइव्ह तिथेच राहतो. पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होतो, पेन ड्राइव्ह बघतो आणि म्हणतो, चला, नवी सिस्टीम टाकू या. लोकांना वाटतं सगळं पुसलं गेलं. पुसलेलं काही नसतं, फक्त तो भलत्या ठिकाणी बघत बसलेला असतो.

जनावरांच्या एका दवाखान्यात रात्री बंद करून ठेवलेला सर्व्हर रोज सकाळी अडायचा आणि दुपारी सुरळीत चालायचा. तिथल्या डॉक्टरांची खात्री पटली होती की यंत्राला थंडी वाजते. त्यांनी त्याच्याशेजारी हीटर ठेवला होता, तो मी आधी बंद केला. मग बघते तर रिसेप्शनवरची मुलगी आल्या आल्या तिचा फोन सर्व्हरला टोचून चार्ज करत होती. फोनमध्ये साठवण असते, म्हणून यंत्र त्यालाच डिस्क समजून त्याच्यात सिस्टीम शोधत बसायचं. दुपारी जेवायला जाताना ती फोन घेऊन जायची आणि तेवढ्यात कुणी सर्व्हर परत सुरू केला की तो चालायचा. मी तिला वेगळा चार्जर आणून दिला. डॉक्टरांनी हीटर मात्र ठेवूनच घेतला, मांजरांना आवडतो म्हणाले.

दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा सर्व्हर तर वीज गेली की आपली यादीच विसरायचा. ती यादी लक्षात ठेवायला आत एक बटणाएवढा सेल असतो. तो संपला होता, आणि माझ्या गाडीत नेमका तेवढाच नव्हता. मी त्यांच्या बाथरूममधला वजनकाटा उचलला, उलटा केला, त्यातला सेल काढला आणि सर्व्हरमध्ये घातला. "मग मी वजन कसं करू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आठवडाभर नका करू, बरं वाटेल." पुढची कित्येक वर्षं त्यांनी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला त्या कपाटाला हात लावू दिला नाही.

या सगळ्यातून माझा एक नियम तयार झाला होता. सिस्टीम टाकून झाली की आधी पेन ड्राइव्ह काढा. मग सर्व्हर बंद करून परत सुरू करा. तो स्वतःच्या पायावर उभा राहिलेला डोळ्यांनी बघा, आणि मगच गिऱ्हाइकाला 'झालं' म्हणा. हा नियम मी प्रत्येक नव्या माणसाला पढवायची. रॉनसुद्धा नव्या माणसाला सांगायचा, "व्हीजेचं एकही इन्स्टॉलेशन आजवर तक्रार होऊन परत आलेलं नाही." मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मंदार आमच्याकडे आला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. पुण्याचा, व्हिसावर आलेला, बायको आणि दीड वर्षाची मुलगी. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवायची सवय. मी त्याला म्हणायची, "अरे, तुम्ही पुणेकर लोक पाणी तरी न लिहिता पिता का?" तो म्हणायचा, "काकू, तुम्ही नागपूरचे लोक लिहीत नाही, म्हणून तर गप्पांना इतका वेळ मिळतो तुम्हाला." आमचं छान जमायचं. तो माझ्या डब्यातला वडाभात चाटूनपुसून खायचा आणि वर तिखट आहे म्हणायचा.

पण आल्यानंतर काही महिन्यांतच त्याच्याकडून एक घोटाळा झाला. वकिलांच्या एका ऑफिसात तो पेन ड्राइव्ह सर्व्हरलाच विसरला. सोमवारी सकाळी अख्खं ऑफिस 'नवी सिस्टीम टाकायची का?' या प्रश्नासमोर उभं. नशीब, कुणी 'हो' दाबलं नाही. रॉनने त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, "यार, मला तू आवडतोस, पण आणखी एकदा असं झालं तर मी तुला ठेवू शकणार नाही." 'यार' हा शब्द त्याने आमच्याकडूनच उचलला होता. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हातात साठ दिवस उरतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर घरदार आवरून परत जायचं. मंदारने त्या दिवशी माझा नियम वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला.

इथे मला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. माझे वडील नागपूरला शिलाई मशीन दुरुस्त करायचे. अष्टमीच्या संध्याकाळी हत्यारं पुसून देवापुढे मांडायची, खंडेनवमीला त्यांची पूजा करायची आणि दसऱ्यालाच उचलायची. मधल्या दिवशी हात लावायचा नाही. अमेरिकेत आल्यावर मी ते चालू ठेवलं. माझी हत्यारं म्हणजे एक स्क्रू ड्रायव्हरचा संच, नेटवर्कची वायर तपासायचं यंत्र आणि सिस्टीम टाकायचा पेन ड्राइव्ह. त्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. पेन ड्राइव्हला मी टोपणावर बोट लावायची, आत कुंकू जायला नको म्हणून.

त्या वर्षी अष्टमी आणि बस कंपनीचा नवा सर्व्हर एकाच दिवशी आले. तिथे कुठली बस कुठल्या मुलाला कुठे उतरवते, आणि तिथे त्याला घ्यायला कोण उभं असायला हवं, हे सगळं त्या सर्व्हरमध्ये असायचं. ते सांभाळायची डेनिस नावाची साठीतली बाई. तिचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. दुपारी अडीचला बस सुटायच्या, त्याआधी तिला सर्व्हर हवा होता, आणि ती माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली होती. मला इंडियन स्टोअरमधून झेंडू घेऊन उजेडी घरी पोचायचं होतं. मी सिस्टीम टाकली. एकदा सर्व्हर बंद करून सुरू केला. पेन ड्राइव्ह तसाच होता. सिस्टीम छान वर आली. परत सुरू करण्यात आणखी बारा मिनिटं गेली असती. मी चालत्या सर्व्हरमधून पेन ड्राइव्ह काढला, डेनिसला 'झालं' म्हटलं आणि निघाले. संध्याकाळी तो देवापुढे होता. दसऱ्याला उचलला, पुसून कोरा केला आणि त्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाची सिस्टीम भरली.

काय चुकलं ते जाणत्या माणसाच्या लक्षात आलं असेल. पेन ड्राइव्ह लावलेला होता, यादीत पहिला होता, तर सर्व्हरने मला 'नवी सिस्टीम टाकायची का?' असंच विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही, सरळ सिस्टीम वर आली. मला वाटलं, वा, आज सणाचा दिवस, सगळं कसं पटकन होतंय. प्रत्यक्षात झालं होतं असं की, सिस्टीम डिस्कवर गेली होती, पण तिला जागं करणारा सुरुवातीचा छोटा प्रोग्राम मी घाईघाईत पेन ड्राइव्हवरच टाकला होता. तो कुठे टाकायचा हे विचारणाऱ्या यादीतली पहिली ओळ न वाचता मी निवडली, आणि ती ओळ डिस्कची नव्हती. म्हणजे घर बांधलं एकीकडे आणि किल्ली घेऊन गेले घरी, पूजेला. चालू असलेल्या सर्व्हरला किल्ली लागत नाही, म्हणून तो पुढचे तीन महिने बिनबोभाट चालला.

जानेवारीतल्या एका शनिवारी मंदार तिथे अपडेट करायला गेला. अपडेट झाले, त्याने सर्व्हर बंद करून सुरू केला, आणि पडद्यावर आलं: सुरू करायला काही सापडत नाही. त्या दिवशी बास्केटबॉलच्या मुलांच्या दोन बस जायच्या होत्या. डेनिसने कपाटातून कागद काढले. ती दर शुक्रवारी सगळं छापून ठेवायची, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. बस वेळेवर गेल्या. पण कंपनीचा मालक तिथे होता, आणि त्याने रॉनला फोनवर जे सुनवलं ते डेनिसने मला नंतर अर्धंच सांगितलं.

मंदारने मला साडेदहाला फोन केला. बर्फातून जायला मला पाऊण तास लागला. मी पोचले तेव्हा तो कपाटासमोर उलट्या बादलीवर बसला होता. पडद्यावर दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून काहीतरी सुरू करून ठेवलं होतं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काकू, तुम्हीच बघा," तो उठून बाजूला झाला.

मी बसले. डिस्क धडधाकट होती, माहिती जागच्या जागी होती. मग सिस्टीम टाकतानाची नोंद उघडली. कुणी टाकली, केव्हा टाकली, सुरुवातीचा प्रोग्राम कुठे ठेवला, सगळं त्यात असतं. नाव माझं होतं. दिवस अष्टमीचा होता. मी ती नोंद ताबडतोब बंद केली. काम चालू ठेवलं. सुरुवातीचा प्रोग्राम डिस्कवर टाकला, यादीत डिस्कला पहिला नंबर दिला, पेन ड्राइव्ह काढला, बंद केलं, सुरू केलं. वीस मिनिटांत सर्व्हर उभा.

"काय झालं होतं?" डेनिसने दारातून विचारलं.

मी म्हटलं, "अपडेट करताना कधी कधी असं होतं."

मंदार म्हणाला, "हो ना."

दोष अपडेटवर, म्हणजे मंदारवर जाईल असं मी म्हटलं. चूक झाली ती झाली, ती कुणाकडूनही होते. पण ते वाक्य चुकून नव्हतं आलेलं. जूनमध्ये मी निवृत्त होणार होते, माझ्या नावाचा केक कुठला आणायचा यावर ऑफिसात वाद सुरू झाला होता, आणि माझं एकही इन्स्टॉलेशन परत आलं नव्हतं. गाडीत बसून मी स्वतःला सांगितलं की सर्व्हर तर चालू झाला, कुणाचं काही बिघडलं नाही, सोमवारी सावकाश सांगता येईल.

संध्याकाळी रॉनचा मेल आला. मंदारला होता, प्रत मला. सोमवारी सकाळी नऊला माझ्या खोलीत ये, येताना लॅपटॉप आणि ऑफिसची किल्ली आण. एवढंच. किल्ली आणायला सांगतात तेव्हा काय होणार हे कुणालाही कळतं.

मी तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही. रविवारी सकाळी करू म्हटलं. रविवारी पोळ्या केल्या, बर्फ काढला, कपाट आवरलं. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, "काय बिनसलंय?" मी म्हटलं, पाठ दुखतेय. मुलीचा सिअ‍ॅटलहून फोन आला, तिच्याजवळ मात्र बोलून गेले. ती इथेच वाढलेली, तिचं उत्तर लगेच आलं. "आई, जस्ट टेल हिम. व्हॉट्स देअर टू थिंक?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तिला चांगलंच कळलं होतं. रॉनपुढे उभं राहून 'मी माझाच नियम मोडला' हे सांगायची मला लाज वाटत होती, एवढंच त्यात होतं, आणि त्या लाजेशी मी मंदारचं घर तोलून बघत होते. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

सोमवारी मी आठला ऑफिसात होते. रॉन साडेआठला आला, कोट काढला, कॉफी ओतली. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आठ चाळीसला आत गेले, दार लावलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. अष्टमीपासून. पूजेचंसुद्धा सांगितलं, नाहीतर घाई कसली होती ते त्याला कळलं नसतं.

रॉनने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "व्हीजे, तू? पेन ड्राइव्ह?"

"हो."

"आणि शनिवारी तुला कळलं?"

"शनिवारीच कळलं."

तो रागावला नाही, ते मला जास्त लागलं. म्हणाला, "अहवाल तू लिही, तुझ्या नावाने. बस कंपनीला फोनही तूच कर. मंदारला सांग, मीटिंग नाही." मी दारापर्यंत गेल्यावर त्याने पुन्हा हाक मारली. "त्याने मला शनिवारी फोनवर एवढंच सांगितलं की रीस्टार्ट मी केला. दुसरं काहीच बोलला नाही. मला वाटलं, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल."

बस कंपनीचा मालक फोनवर दोन वाक्यं बोलला आणि त्याने फोन डेनिसला दिला. तिला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "हनी, मी दर शुक्रवारी छापते ते तुमच्यासारख्यांसाठीच."

मंदार किचनमध्ये होता. लॅपटॉप बॅगेत भरलेला, वर ऑफिसची किल्ली. मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम करत होता. डोळे सुजलेले. मी त्याला सांगितलं, मीटिंग नाही. मग म्हटलं, "मंदार, ती चूक माझी होती. अष्टमीच्या दिवशीची. मी रॉनला सांगून आलेय."

त्याने कप बाहेर काढला, टेबलावर ठेवला. "माहितीये, काकू."

"काय माहितीये?"

"तुम्ही यायच्या आधी मी इन्स्टॉलची नोंद बघितली होती. फोनवर फोटोपण काढला होता."

मी खुर्ची ओढून बसले. "मग रॉनला का नाही दाखवलास? किल्ली आणायला सांगितली होती त्याने तुला."

"दाखवणार होतो. मग वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल. नियम तुम्हीच शिकवलात ना." तो चहाकडे बघत बोलत होता. "शनिवारी घरी जाऊन तो फोटो डिलीट केला. जवळ राहिला तर मोह होईल म्हणून. आणि रविवारी तुमचा फोन आला नाही, तेव्हा दिवसभर तो परत मिळतोय का बघत बसलो. बायको म्हणाली, वेडा झालायस तू."

"मिळाला?"

"मिळाला. सकाळी बॅगेत लॅपटॉप टाकताना परत काढून बघितला." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून थोडंसं हसला. "पण म्हटलं, अजून नऊ वाजायचेत."

मी तिथे रडले. आता जूनही होऊन गेला. केक आला, त्याच्यावर माझं नाव होतं, भाषण मंदारने केलं आणि त्यात त्याने या प्रकाराचा एक शब्दही काढला नाही. मी रॉनच्या खोलीत आठ चाळीसला गेले होते. नऊ वाजायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांचा अभिमान धरायचा की आधीच्या दोन दिवसांची लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मंदारने मात्र त्या वीस मिनिटांचाच हिशेब धरला, आणि अजूनही दर रविवारी बायकोमुलीला घेऊन माझ्याकडे जेवायला येतो.